वाघ काढायचा तर आधी कोठ्यात बसा

चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या जंगलाशेजारच्या चिमूर तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं हे पत्र. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून ते गाळलं. बाकी पत्र थोडं आखडून, पण त्यांच्याच शब्दांत:

“मॅडम, नमस्कार. माझं वय ३६. आमच्या अंगणवाडीला नवीन रंग मारला अन् ग्रामपंचायतीनं एक पूर्ण भिंत मला दिली. त्यावर जंगली प्राणी काढायचे आहेत. वाघ, सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा असे. रांगोळी मला चांगली येते, पण जनावर काढलं का बिघडते. वाघ काढला का मांजर दिसते. मोबाईलवर फोटो ठेवून काढलं तर जमते, फोटो बाजूला केला का हात थांबते. सोबत वहीतला वाघ पाठवते. या वयात शिकता येते काय? अजून एक सांगायचं होतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावची एक बाई मोहफुलं वेचायला गेली होती, तिले वाघानं मारलं. तिचा नातू माझ्याच अंगणवाडीत येते. काही जण म्हणतात, भिंतीवर वाघ काहून काढता. मले काही समजत नाही.”

ताई,

पत्राचा शेवट मी दोनदा वाचला. त्याबद्दल बोलणारच आहे, पण सगळ्यात शेवटी. आधी हाताचं बोलू.

या वयात शिकता येतं का? येतं. आणि तुमचा हात काही कोरा नाही. चिमटीतून पीठ सोडत एका दमात रेघ ओढणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तशी न थरथरणारी रेघ यायला वर्ष जायचं. रांगोळीनं तुम्हाला एक सवय मात्र लावली आहे, ती इथे आड येते. रांगोळीत डावीकडे जे, तेच उजवीकडे. जनावर तसं कधी उभं राहत नाही. भार एका पायावर असतो, मान कुठेतरी वळलेली असते, एक कान माशीसाठी मागे फिरलेला असतो. तुमचा वाघ समोर तोंड करून बसला आहे, दोन्ही बाजू अगदी सारख्या. त्यामुळे तो ठोकळा वाटतो.

तो मांजर का दिसतो याचं उत्तर मुख्यतः डोळ्यांत आहे. घरच्या मांजराच्या तोंडावर डोळ्यांनी मोठी जागा घेतलेली असते, कान टोकदार आणि डोक्याच्या मानानं मोठे, नाक आखूड. वाघाचं तोंड लांब आणि जाड, जबडा रुंद, डोळे त्या मानानं लहान, कान छोटे आणि गोल. शिवाय तुम्ही बाहुल्या उभ्या काढल्यात. उजेडात मांजराची बाहुली उभ्या चिरेसारखी होते. वाघाची आणि बिबट्याची गोलच राहते, आपल्यासारखी. याच चित्रात डोळे निम्म्यानं लहान करा, बाहुली गोल करा, नाक दीडपट लांबवा, कानांची टोकं घालवा आणि वही हातभर दूर धरा. पट्ट्यांना हात न लावता वाघ दिसायला लागेल.

पण एवढ्यावर थांबलात तर हा एक वाघ सुधारेल, वाघ काढता येणार नाही.

मी नोकरीला लागले त्या वर्षी शाळेच्या भिंतीवर कॅलेंडरवरून वाघ रंगवला होता. शाळा जंगलाच्या कडेला. एका विद्यार्थ्याचे वडील गावची ढोरं चारायचे. ते दाखला न्यायला आले आणि भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “बाई, रंग चांगला लावला तुम्ही. पण याचे पाय खाटेचे आहेत.” खरंच होतं ते. चार खांबांवर आडवं धड ठेवलं होतं मी. त्यांनी तिथेच अंगणात ओणवं होऊन, दोन्ही हात जमिनीला टेकवून दाखवलं: एका हातावर भार आला की त्या बाजूचा खवाटा, म्हणजे खांद्याचं पातं, पाठीच्या वर उचलतो आणि दुसऱ्या बाजूचा खाली बसतो. वाघ त्यांनी आयुष्यात चार-पाचदा बघितला असेल. गाई मात्र रोज बघितल्या होत्या, आणि त्या गाईंवरूनच वाघाचा खांदा त्यांना कळला होता. त्यानंतर मी मुलांना जनावरं शिकवायला कोठ्यात, म्हणजे ढोरांच्या गोठ्यात, नेऊ लागले. तुम्हालाही तिथेच पाठवते आहे.

कोठा तुमच्याकडे नसेल तर शेजारी असेलच. सकाळी ढोरं चरायला सुटायच्या आधी किंवा संध्याकाळी परत आल्यावर वीस मिनिटं बसा. बसून रवंथ करणारी गाय हे शिकणाऱ्याला मिळालेलं दान आहे, ती अर्धा-अर्धा तास जागची हलत नाही. सामान काही नको. एक एचबी आणि एक फोर बी पेन्सिल, लेकरांच्या जुन्या वह्यांची उरलेली पानं. खोडरबर घरी ठेवा. रबर हातात असलं की माणूस गाय बघायचं सोडून चूक बघत बसतो.

पहिला आठवडा फक्त पाठीची रेघ. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत एकच, न उचलता, रोज दहा वेळा. ती सरळ नाही हे दोन दिवसांत कळेल. वशिंडावर चढते, मागे किंचित बसते, पुठ्ठ्याच्या हाडावर पुन्हा वर येते आणि मग शेपटीकडे उतरते. म्हाताऱ्या गाईची वेगळी, कालवडीची वेगळी. नजर गाईवर जास्त ठेवा, कागदावर कमी.

दुसऱ्या आठवड्यात मागचा पाय घ्या. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, आणि वाघापासून जिराफापर्यंत सगळं इथेच बिघडतं, म्हणून जरा सावकाश सांगते. मागच्या पायाच्या मध्यावर मागे वळलेला जो कोन दिसतो त्याला लोक टोंगळा, म्हणजे गुडघा, समजतात आणि म्हणतात, जनावराचा टोंगळा उलटा असतो. ती टाच आहे, ताई. खरा टोंगळा वर, पोटाच्या कडेला कातडीत दबलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. गाय कायम नखांच्या टोकांवर उभी असते. ते नख म्हणजेच खूर. एकदा स्वतः उभ्या राहून टाचा उचला, टोंगळे थोडे वाकवा आणि कुणाला तरी बाजूनं मोबाईलवर फोटो घ्यायला सांगा. तुमच्या पायाची जी नागमोडी दिसेल तीच गाईच्या पायाची आहे, फक्त गाईचं पाऊल लांबट होऊन उभं झालंय. पुढच्या पायाचंही तसंच: मध्यावर जो सांधा दिसतो ते आपलं मनगट, आणि कोपर वर छातीला चिकटून.

वाघ, बिबट, कुत्रा, मांजर बोटांवर चालतात. त्यांचीही टाच जमिनीच्या वर असते. अस्वल मात्र मागचा पाय आपल्यासारखा टाचेपर्यंत टेकवतं, म्हणून त्याच्या मागच्या पावलाचा ठसा माणसाच्या पावलाची आठवण करून देतो. टाच कुठे आहे एवढं दर वेळी आधी शोधलंत तर निम्मी चित्रं आपोआप उभी राहतील.

घरात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असला तर तोही काढा. त्याचे पाय सुतारानं दांडे केलेले असतात, पाय त्याच्यावरून शिकू नका. धडासाठी तो सोन्यासारखा आहे. खिडकीत ठेवून थोडा-थोडा फिरवा: समोरून, तिरका, मागून. तिरक्या बाजूनं धड आखूड दिसतं, जवळचा पुठ्ठा मोठा आणि डोकं लहान. खरा बैल एवढा वेळ देत नाही, हा देतो.

फोटोबद्दल लिहिलंत ते मला नवं नाही. फोटोवरून काढताना डोळा बाहेरची कड पकडतो आणि हात तिच्या मागे जातो. आत काय आहे हे कळतच नाही, म्हणून फोटो गेला की हात थांबतो. फोटो सोडून द्या असं मी म्हणत नाही. फोटोवर पातळ कागद ठेवा, आणि कड न गिरवता फक्त सांधे टिंबांनी मांडा: खांदा, कोपर, मनगट, खुबा, टोंगळा, टाच. टिंबं रेघांनी जोडा. मग फोटो काढून घ्या आणि त्या काड्यांवर आपल्या मनानं मांस चढवा. त्याहून बरा व्हिडिओ. चालणारं जनावर सावकाश गतीनं बघा, मध्येच थांबवा, दहा आकडे मोजा, मोबाईल पालथा घाला आणि आठवून काढा. पहिले कित्येक दिवस ते चुकेल. ठेवा तरी.

महिनाभर गाय झाली की रानाकडे वळू.

बकरीवरून चितळ येतं. पाय बकरीपेक्षा लांब आणि बारीक, मान वर, पोट आत ओढलेलं. नराच्या शिंगाला सहसा तीन टोकं, एक कपाळाजवळून पुढे आलेलं, दोन वर. ही शिंगं दरवर्षी गळून नवी येतात आणि वाढत असताना त्यांवर मखमलीसारखी कातडी असते. ठिपके शिंपडू नका. पाठीच्या मधल्या गडद पट्ट्याच्या दोन्ही अंगांना ते ओळीनं बसतात आणि पोटाकडे जाताना जुळून तुटक रेघेसारखे दिसतात. तुमचा रांगोळीचा हात इथे उपयोगी पडेल.

गाईवरून गवा. आपल्या गाईचं वशिंड मांसाचं असतं, दाबलं तर हलतं. गव्याच्या खांद्यावरचा उंचवटा हाडांवर उभा असतो, कारण तिथल्या मणक्यांची वरची टोकं लांब वाढलेली असतात. तो पाठीच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे एकदम उतरतो. ती पायरी काढली तर गवा, राहिली तर म्हैस. पायांचा खालचा भाग पांढरा, मोजे घातल्यासारखा.

रोही, म्हणजे नीलगाई, तुम्हाला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर दिसतातच. तूर-सोयाबीन खाऊन जातात म्हणून शेतकऱ्याचा जीव त्यांच्यावर वैतागलेला असतो, तो राग मला कळतो. पण शिकणाऱ्याला रोहीची एक सवय सोयीची आहे: माणूस दिसला की पळायच्या आधी ते थबकून बघत राहतं. खांदा उंच, पाठ मागे उतरती. नर निळसर राखाडी, गळ्याशी केसांचा झुबका, वीतभर शिंगं. मादी तांबूस, बिनशिंगाची. कुत्र्यावरून रानकुत्रा: कान गोलसर, शेपूट काळी आणि झुबकेदार. वानरं तर कौलांवरच येतात, तोंड काळं आणि शेपूट धडापेक्षा लांब एवढं लक्षात ठेवा.

आणि वाघ. मांजरावरूनच शिका, पण तोंड सोडून. मांजर चिमणीवर टपून सरकतं तेव्हा खवाटे पाठीच्या रेघेच्या वर आळीपाळीनं उचलतात, डोकं खांद्याच्या खाली जातं, मागचा पाय पुढच्याच्या ठशाजवळ पडतो. ढोरकीबाबांनी मला अंगणात दाखवलं ते हेच. अंग बांधून झालं की मगच पट्टे. त्याआधी एक कोहळा घ्या, त्याला सुतळीचे वेढे द्या आणि तिरका धरा. वेढे सरळ दिसत नाहीत, धनुष्यासारखे वाकतात, मनगटावरच्या बांगड्यांसारखे. वाघाचे पट्टे तसेच अंगाला वळसा घालतात. सपाट काढले की वाघाला सतरंजी पांघरल्यासारखी दिसते. पट्टे पोटाकडे निमुळते होतात, काही मध्येच दुभंगतात, डाव्या-उजव्या बाजूचे कधी जुळत नाहीत. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वनविभाग कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतले पट्टे ताडून वाघ मोजतो. त्याआधी बरीच वर्षं वनरक्षक पंजाच्या ठशावर काच ठेवून तो उतरवून घेत, म्हणजे वाघाची मोजणी तेव्हा अक्षरशः चित्र काढून होत होती. पुढच्या पायांच्या बाहेरच्या बाजूला पट्टे थोडे, मागच्या पायांवर दाट, शेपटीला कडी. डोळ्यांच्या वर, गालांवर आणि पोटाखाली पांढरं. कानाची मागची बाजू काळी, तिच्यात एक पांढरा ठिपका.

आता तुमच्या यादीतले परदेशी.

१६२१ साली जहांगीर बादशहाच्या दरबारात हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून, एक झेब्रा आला. त्याचे पट्टे कुणीतरी रंगवलेत असा लोकांना संशय आला. बादशहानं खात्री करून घेतली आणि तसं आपल्या आठवणींत लिहूनही ठेवलं. त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर यानं तो झेब्रा काढला. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, मोबाईलवर सापडेल. पट्ट्यांनी भुलून जायला किती सोपं होतं, पण मन्सूरनं आधी खांदा, पोट, खूर नीट बांधलेत, मग पट्टे. त्याच्या शंभर वर्षं आधी, १५१५ साली, गुजरातेतून पोर्तुगालला गेलेल्या गेंड्याचं चित्र ड्यूरर या जर्मन चित्रकारानं गेंडा न बघता, दुसऱ्याचं रेखाटन आणि वर्णन यांवरून काढलं. हात असामान्य, तरी त्यानं गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे चढवले आणि पाठीवर एक जास्तीचं शिंग. युरोपात कितीतरी पिढ्या तोच खरा गेंडा समजत राहिल्या. न पाहिलेलं जनावर काढायचं तर आपल्या ओळखीतलं त्याचं भाऊबंद शोधा, एवढ्यासाठी हे सांगितलं.

झेब्र्यासाठी वीटभट्टीवरचं गाढव बघा. कान आखूड आणि गोल करा, आयाळ ब्रशसारखी उभी. पट्टे धडावर उभे, पुठ्ठ्यावर तिरपे, पायांवर आडवे.

जिराफासाठी उंट. सुगी झाल्यावर काठेवाडी लोक मेंढ्या आणि उंट घेऊन आपल्याकडे उतरतात, तेव्हा उंटाची चाल बघून ठेवा. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर उचलतात. चालणारा जिराफही तसाच. त्याच्या मानेत मणके सातच, माणसाच्या मानेत असतात तेवढेच, फक्त एकेक मणका लांब. म्हणून मान सापासारखी वळवू नका. अंगावरची नक्षी तर तुमच्या वावरातच आहे. मे महिन्यात काळी माती भेगाळते, ते बघा. ढेकळाला तपकिरी रंग द्या आणि भेगेला फिकट.

हत्ती काढाल तर आपला काढा: कान लहान, कपाळावर दोन उंचवटे, पाठ मध्ये फुगीर. आफ्रिकेतल्या हत्तीचे कान खांदा झाकतात आणि पाठ मध्ये बसते. पुस्तकांत पुष्कळदा आफ्रिकेचाच छापलेला असतो. गडचिरोलीत कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे, कधी जाणं झालं तर पुढच्या पायाच्या ठशाचा घेर सुतळीनं मोजा. त्याच्या दुप्पट म्हणजे साधारण त्या हत्तीची खांद्यापर्यंतची उंची.

सिंहाबद्दल मला फार सांगायचं नाही. तो आपल्या देशात गुजरातेत गीरच्या बाजूलाच आहे, आणि तुमच्या भिंतीवर तो नसला तर काही अडत नाही. ही यादी तुम्ही बदलावी असं मला मनापासून वाटतं. ताडोबाच्या शेजारच्या अंगणवाडीत पुस्तकातला प्राणी भिंतीवर जातो आणि धुऱ्यावरचा राहून जातो, याचं मला वाईट वाटतं. परदेशी एखादाच ठेवा. बाकी चितळ, रोही, गवा, अस्वल, रानकुत्री, मोर घ्या.

आणि जमलं तर सगळे खऱ्या मापाचे काढा. चितळाची खांद्यापर्यंतची उंची साधारण ३ फूट, म्हणजे तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाएवढी. अस्वल अडीच-तीन फूट. रोही साडेचार-पाच. गवा साडेपाच ते सहा, त्याच्या पोटाखालून लेकरू वाकून जाईल. नर वाघ खांद्याशी तीन-साडेतीन फूट, आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नऊ-दहा फूट लांब. जिराफ पंधरा-अठरा फुटांचा. दहा फुटांच्या भिंतीत तो खांद्यापर्यंतच मावतो, मग मान छतात जाऊ द्या. मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहतील आणि गव्याशी उंची मोजतील. चार्टवर ससा आणि हत्ती एकाच चौकटीत एकाच मापाचे बघून जे कळत नाही ते असं कळतं.

भिंतीवर उतरवताना कागदावर १ इंच म्हणजे भिंतीवर १ फूट असं माप धरा आणि कागदावर चौकटी आखा. भिंतीवर त्याच चौकटी मारायला दोरी निळीत बुडवा, दोन बायकांनी दोन टोकं ताणून धरावीत, तिसरीनं मधून ओढून सोडावी. सरळ रेघ उठते. कोळसा हातात धरू नका, दोन-अडीच फुटांच्या काडीला बांधा. मनगट बाजूला राहतं आणि खांद्यातून रेघ येते, जवळ उभं राहून काढलेल्या रेघेपेक्षा ती कितीतरी मोकळी. दर दहा मिनिटांनी फाटकापर्यंत मागे जाऊन बघा. मग पातळ गेरूनं पक्की करा. रंग डिस्टेंपरमध्ये स्टेनर मिसळून होतो. भिंत बाहेरची असेल तर पाऊस लागणारच, तिथे बाहेरच्या भिंतीचा इमल्शन घ्या, नाहीतर मेहनत दोन पावसाळ्यांत उतरेल. वाघाला बाटलीतला नारिंगी रंग तसाच लावू नका, त्यात थोडा गेरू आणि पिवळा घाला.

चित्रासाठी जंगलात मात्र जाऊ नका, त्याभोवतीच्या बफर पट्ट्यातही नाही, कुणी सोबत असलं तरी नाही. वही घेऊन ओणवं बसलेलं माणूस दुरून चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. सफारीला जायचं असेल तर गेटमधून जिप्सीनं जा. ताडोबा मंगळवारी बंद असतं. जिप्सीत पेन्सिल काढू नका, नुसतं बघा आणि घरी येऊन आठवून काढा. निवांत बघायचं तर नागपूर. महाराजबागेत किंवा गोरेवाड्याला, २०२१ मध्ये तिथे मोठं प्राणिसंग्रहालय सुरू झालं, अर्धा दिवस एकाच जनावरासमोर बसा. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात, पेंढा भरलेली जनावरं आहेत. त्यांच्या उभं राहण्यात जीव नाही, पण खूर, कान, नाकपुडी वीतभर अंतरावरून बघायला मिळते.

कोठ्यातली चित्रं फाडू नका. मागे तारीख घाला आणि पहिली दहा पानं मला पाठवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

वाघ काढू नका म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, ताई. ज्या गावातलं माणूस मोहाखाली गेलं, त्या गावाला वाघ म्हणजे काय हे मी इथे बसून शिकवणार नाही. सभेतही हा विषय काढू नका, तिथे घरच्यांना मनातलं बोलता येत नाही. तुम्ही एकट्या त्या घरी जा, रंग लावायच्या बऱ्याच आधी. मुलाच्या आईला विचारा, आजोबा असतील तर त्यांना विचारा. काय काढणार आहात ते कागदावर दाखवा. ते नाही म्हणाले तर वाघ नाही. कारण विचारू नका आणि पुन्हा गळ घालू नका. बाकी रान पुरेसं आहे.

हो म्हणाले तर वाघ कसा असावा यावर माझं ठाम मत आहे. जबडा फाडून अंगावर येणारा नको, ते मूल रोज त्याच्यासमोर खिचडी खाणार आहे. आणि हसरा, गोबऱ्या गालांचा, टोपी घातलेला वाघ तर मुळीच नको. त्या लेकरानं घरात जे ऐकलंय, त्यापुढे तसा वाघ खोटा आहे आणि त्याला तो खोटेपणा कळेल. खऱ्या मापाचा, बाजूनं दिसणारा, गवतातून आपल्या वाटेनं निघालेला काढा. जेवायच्या जागेपासून आणि दारापासून लांब. ताडोबा हे नाव ज्यावरून पडलं ती तारूची गोष्ट तुमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना गेला, आणि तळ्याच्या काठी लोकांनी त्याचं ठाणं केलं, पौषात तिथे जत्रा भरत आली. त्याच लोकांची लेकरं तुमच्यासमोर बसतात.

घरच्यांना हवं असेल तर भिंतीवर मोहाचं मोठं झाड काढा, पहाटेचं, खाली फुलांचा सडा पडलेला. त्या माउलीची आठवण म्हणून काढलंय हे फलक लावून सांगायची गरज नाही, घरच्यांना माहीत असलं की झालं. आणि त्या मुलाला कोळशाचा तुकडा आणि कागद देत जा. तो वाघ काढेल, काळं फासेल किंवा काहीच काढणार नाही. दुरुस्त करू नका, हे काय काढलं म्हणून विचारू नका, नुसत्या शेजारी बसा. तो झोपेत दचकत असेल, जेवत नसेल, अंगण सोडून बाहेरच पडत नसेल, तर आशाताईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा.

विचारायला जाल तेव्हा उत्तर लगेच मिळेल असं नाही. काम त्यासाठी थांबवू नका. भिंतीच्या एका टोकाला दहा फूट जागेत सध्या फक्त गवत काढून ठेवा, कमरेएवढं, मे महिन्यातलं पिवळं. होकार आला तर वाघ त्यातून जाईल. नाही आला तर तिथे चितळं चरू द्या.